फोन बदलायचा की बॅटरी? घरातल्या उपकरणांचा पर्यावरणावरचा भार नेमका कुठे कमी होतो?

सुनीता_इंदिरानगर

मंडळी, आकड्यांत उत्तर देणारं कुणी आहे का इथे?

मुलाला आठवीच्या पर्यावरण प्रकल्पाला 'घरातील तंत्रज्ञान आणि प्रदूषण' हा विषय आला. त्याने नेटवरून मुद्दे उतरवून चार्ट केला: चार्जर प्लगमध्ये ठेवू नका, जुने ईमेल डिलीट करा, स्क्रीनचा उजेड कमी ठेवा, डार्क मोड वापरा. शाळेत शेरा चांगला मिळाला. तेव्हापासून घरात त्याचा पहारा आहे. मी पोळ्या लाटत असते आणि हॉलमधून आवाज येतो, "आई, चार्जर!" त्याच हॉलमध्ये त्याचे बाबा दिवाळीच्या सेलमध्ये घ्यायच्या नव्या फोनचे व्हिडिओ बघत बसलेले असतात. जुन्या फोनला काहीही झालेलं नाही. फक्त बॅटरी दुपारी तीन-साडेतीनला मान टाकते.

मी पतसंस्थेत हिशेबाला आहे. रुपयाचा फरक सापडल्याशिवाय आम्ही टेबल सोडत नाही, आणि इथे तर जमा-खर्चाच्या दोन्ही बाजू कुणी मांडतच नाही. चार्जर काढून वर्षाला वाचतं किती? नवा फोन घेतला तर जातं किती? पोरगा विचारतो तेव्हा मला ठोस काही सांगता येत नाही, आणि यांना विचारलं तर म्हणतात, "एका फोनने काय गोदावरी आटणार आहे का?"

घरातलं सामान सांगते. आमचे दोन फोन. लॉकडाऊनच्या शाळेसाठी घेतलेला टॅब, आता फक्त कार्टूनला. एक लॅपटॉप, विंडोज १० वाला, 'तुमचा संगणक विंडोज ११ साठी पात्र नाही' असं सांगून मोकळा झालेला. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, वायफायचा राउटर, इन्व्हर्टर. शिवाय शोकेसखालचा तो खण. तो प्रत्येक घरात असतो, उगाच हसू नका. मेलेले फोन (त्यातल्या एकाचं मागचं झाकण आतून फुगून उचललं गेलंय), चार्जरचा गुंता, एक डीव्हीडी प्लेअर आणि कशाच्या आहेत हे कुणालाच ठाऊक नसलेल्या वायरी. घंटागाडीवाले म्हणतात, "ताई, सुक्यात टाका." भंगारवाला म्हणतो, किलोवर घेतो. दोघांनाही द्यायला हात धजत नाही.

तर फोन बदलावा की बॅटरी, लॅपटॉपचं काय करावं आणि खणाचं काय करावं, एवढं सांगा. उपदेश नको, तो घरी फुकट मिळतो.

एकलहरे_निवृत्त

सुनीताताई, मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या. त्याचं निरीक्षण बरोबर आहे, फक्त डबडं चुकीचं पकडलंय.

मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ऑपरेशनला होतो. नाशिकरोडवरून ज्या चिमण्या दिसतात ना, तिथे. २१० मेगावॉटचे तीन संच, सगळे कोळशावर. माझ्या मते प्रत्येक घरात दोन आकडे पाठ असावेत. पहिला: आपल्या ग्रिडवरच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा केंद्रीय वीज प्राधिकरणाचा देशभराचा हिशेब आहे, सौर, पवन, जलविद्युत सगळं धरून. नुसत्या कोळशाच्या विजेचा आकडा याहून जास्त येतो. दुसरा: एक वॅटचा भार वर्षभर अखंड चालला की ८.७६ युनिट होतात. मी पावणेनऊ धरतो. मग कुठल्याही वस्तूचा हिशेब तोंडी होतो.

प्लगमध्ये लावायचं एक छोटं वॅटमीटर मिळतं. मी ते आमच्या जेलरोडच्या घरात सगळीकडे फिरवलं. सौ. म्हणाल्या, नोकरी सुटली पण लॉगबुक सुटलं नाही.

चार्जर नुसता प्लगमध्ये, फोन न लावता: मीटरने ०.० दाखवलं. चांगल्या चार्जरचा रिकामा भार ०.१ वॅटच्या आसपास असतो. म्हणजे वर्षाला एक युनिटही नाही. फोन रोज एकदा पूर्ण भरला तर? ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॅट-तास (हजार वॅट-तास म्हणजे एक युनिट), चार्जिंगमध्ये उष्णतेत जातं ते धरून २५ म्हणा. वर्षाचे ९ युनिट. कार्बन सहा किलोच्या थोडा वर.

आता सेट-टॉप बॉक्स बघा. चालू असताना ११ वॅट. रिमोटने बंद केल्यावर १०. हो, १०. दिव्याचा रंग बदलतो, आपल्याला वाटतं झोपला. तो आत जागाच असतो, चॅनेलची माहिती उतरवत. हे वर्षाचे ८७ युनिट, दहा फोनांच्या चार्जिंगइतके. राउटर ७ वॅट, म्हणजे ६१ युनिट. इन्व्हर्टर बॅटरी पूर्ण भरलेली असतानाही २२ वॅट ओढत होता. तो जुना आहे, तुमचा कमी ओढत असेल. पण माझ्या घरात सगळ्यांत मोठा खादाड तोच निघाला आणि त्याच्याबद्दल कुठल्याच चार्टवर अक्षर नसतं. (स्वस्त मीटर कमी वॅटला नीट मोजत नाही. वॅट-दोन वॅट इकडेतिकडे धरा.)

आता तुमचा मूळ प्रश्न. ॲपल आपल्या प्रत्येक मॉडेलचा पर्यावरण अहवाल काढतं. आयफोन १३ चा आकडा ६४ किलो, फोनच्या सगळ्या आयुष्याचा. त्यातला ८१ टक्के उत्पादनातला. म्हणजे सुमारे ५२ किलो कार्बन तुम्ही डबा उघडायच्या आधीच होऊन गेलेला असतो. चार्जिंगच्या सहा किलोने भागा, आठ वर्षं येतात. फोन आठ वर्षं रोज चार्ज केला तेव्हा कुठे तो बनवण्याची बरोबरी होते. आणि इतकी वर्षं फोन ठेवतो कोण?

पण त्याच न्यायाने सेट-टॉप बॉक्सचे ८७ युनिट म्हणजे ६१ किलो. दरवर्षी. एका फोनच्या अख्ख्या जन्माइतका कार्बन तुमच्या टीव्हीखालचं डबडं वर्षात जाळतं, आणि त्यातला बराचसा कुणी टीव्ही बघत नसताना. टीव्ही दिवसाला चार तास चालत असेल तर उरलेले वीस तास भिंतीवरचं बटण बंद ठेवा. पुन्हा लावल्यावर दोन-तीन मिनिटं घेतो, तेवढ्यात चहा होतो.

तेव्हा चिरंजीवांना सांगा, आता "आई, सेट-टॉप बॉक्स!" असं ओरडायचं.

पक्या_पंचवटी

काका, हिशेब भारी. पण खरं सांगू का भो, तिकडे कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातल्या झाडांवर घाला येतोय आणि आपण इकडे राउटरचे वॅट मोजतोय. मोठमोठी डेटा सेंटर उभी राहतायत, एआयला एक प्रश्न विचारला की बाटलीभर पाणी जातं म्हणे. त्यांना कोण विचारतंय? सामान्य माणसाने फोन दोन वर्षं जास्त वापरला काय न् कमी वापरला काय.

घरून_काम_नाशिक

पक्याभाऊ, झाडांसाठी आवाज उठवायलाच हवा. पण भिंतीवरचं बटण बंद करायला त्या आंदोलनातली सुट्टी काढावी लागत नाही.

डेटा सेंटरबद्दल: आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरनी सुमारे ४१५ टेरावॅट-तास (म्हणजे ४१,५०० कोटी युनिट) वीज वापरली, जगाच्या विजेच्या दीड टक्का, आणि २०३० पर्यंत ती दुपटीच्या वर जाईल. त्यामुळे तुमचा राग अस्थानी नाही. पण बाटलीभर पाण्याचा आकडा सगळीकडे सारखा लागू होत नाही. गुगलने २०२५ मध्ये स्वतःच्या जेमिनी या एआयचा आकडा दिला: साध्या मजकुराच्या एका सरासरी प्रश्नाला ०.२४ वॅट-तास वीज आणि पाण्याचे चार-पाच थेंब. कंपनीने स्वतःच दिलेला आकडा आहे, तेव्हा मीठ लावून घ्या. तरी शंभर प्रश्न म्हणजे काकांच्या हिशेबाने फोनचं एक चार्जिंग. व्हिडिओ आणि चित्रं बनवून घेणं हा वेगळा मामला, तिथे वीज कितीतरी जास्त लागते.

ईमेल डिलीट करणं सोडून द्या ताई. हजार मेल शोधून काढायला लॅपटॉप जितका वेळ चालेल, त्यातच वाचवलेलं निघून जाईल. ऑनलाइन सिनेमा बघण्याबद्दलही असाच गैरसमज आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनेच २०२० मध्ये काढलेला अंदाज होता की तासभर व्हिडिओला जगाच्या सरासरीने ३६ ग्रॅम कार्बन, आणि त्यात मोठा वाटा आपल्या समोरच्या पडद्याचा. तीच मालिका मोठ्या टीव्हीवर बघितली तर शंभर वॅट, फोनवर एक-दोन वॅट. डार्क मोडचा फायदा ओएलईडी पडद्यालाच होतो, साध्या एलसीडीला नाही, कारण त्याचा मागचा दिवा काळ्या रंगामागेही चालूच असतो. टीव्हीचा ब्राइटनेस मात्र जरूर कमी करा. शोरूममध्ये उठून दिसावा म्हणून ठेवलेल्या मोडवरच कित्येकांचे टीव्ही वर्षानुवर्षं चालतात.

मी स्वतः घरून काम करतो. जुना डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून १२० वॅटच्या आसपास घ्यायचे, आता लॅपटॉप तीसेक घेतो. पण नवा घेतला नाही, कंपनीतून निघालेला वापरलेला घेतला. त्या विषयातलं सोल्डरवाले भाऊ जास्त सांगतील, ते इथे असतात.

एमजीरोडचा_सोल्डरवाला

आलो. दुपारी गिऱ्हाईक होतं.

आधीच सांगतो, माझं पोट दुरुस्तीवर आहे. मी 'दुरुस्त करा' म्हणणारच. तेवढं वजा करून वाचा.

ताई, साहेबांच्या फोनला बॅटरी टाका. अँड्रॉइडची बरी बॅटरी मजुरीसकट हजार ते अठराशेत बसते, आयफोनला जास्त. पण बॅटरीच्याही आधी चार्जिंगचं भोक बघा. टॉर्च मारला की दिसतं, खिशातला सुताचा कचरा आत दाबून दाबून त्याचा नमदा झालेला असतो. पिन पूर्ण आत जात नाही, फोन रात्रभर लावला तरी सकाळी साठ टक्के, आणि माणूस म्हणतो बॅटरी गेली. फोन बंद करायचा, लाकडी टूथपिक घ्यायची (सुई नाही, सुईने आतली पट्टी तुटते) आणि कडेकडेने ओढून काढायचं. याचे मी पैसे घेत नाही. निफाड-पिंपळगावचे द्राक्षवाले येतात, त्यांच्या पोर्टात गंधकाची पिवळी पूड असते. धुरळणी करताना फोन शर्टाच्या खिशात, मग काय होणार. तिथे नुसतं कोरून भागत नाही. पिना काळ्या पडतात, चार्जिंगचा छोटा बोर्ड बदलावा लागतो. तोही पाचशे-सातशेचा खेळ आहे. नवा फोन घ्यायचं ते कारण नव्हे.

बॅटरी घेताना बघून घ्या. बाजारात कंपनीची असते, चांगल्या ब्रँडची असते, आणि एक असते जिच्यावर फक्त स्टिकर कंपनीचं असतं. ही तिसरी काही महिन्यांत फुगते. दुकानदाराकडून हमी बिलावर लिहून घ्या, तोंडी नको. आणि फोन एकदा उघडला की पाण्यापासून बचावाची कारखान्यातली खात्री राहत नाही. आम्ही नवीन गोंदपट्टी लावतो, पण त्यानंतर पावसात फोन बाहेर काढू नका.

बॅटरी मरते कशाने? उष्णतेने, आणि गरम असताना शंभर टक्के भरून ठेवल्याने. मे महिन्यात त्र्यंबक रोडला डिलिव्हरीची पोरं बघा. हँडलला फोन, त्यावर ऊन, आत नकाशा चालू आणि खालून चार्जर. ती बॅटरी वर्ष काढत नाही. नव्या फोनांत 'ऐंशी टक्क्यांवर थांब' अशी सेटिंग येते, ती लावून टाका. रात्री उशीखाली चार्जिंग नको.

आता जे दुरुस्त करू नका म्हणून मी स्वतः परत पाठवतो तेही सांगतो. बोर्डावर पाणी फिरून महिना झालाय असा फोन. पडद्याची किंमत फोनच्या आजच्या किमतीच्या वर जातेय असा फोन. आणि ज्याचे सुरक्षा अपडेट कधीच बंद झालेत पण त्यावर बँकेचं ॲप चालवायचंय असा फोन. हा शेवटचा मुद्दा लोक बघतच नाहीत. कॅमेरा किती मेगापिक्सेल ते विचारतात, अपडेट किती वर्षं ते नाही. गॅलेक्सी एस२४ आणि पिक्सेल ८ पासून त्या मालिकांना सात वर्षांचं आश्वासन आहे. स्वस्त फोनात दोन-तीन वर्षांत दुकान बंद. पुढच्या वेळी फोन घ्याल तेव्हा हा एकच प्रश्न काउंटरवर विचारा, बघा सेल्समन कसा गडबडतो ते.

कंपन्यांना दुरुस्ती नकोच असते. मागे एक मुलगी आली. तिच्या फोनचा माइक गेलेला. सर्व्हिस सेंटरने सांगितलं, पूर्ण बोर्ड बदलावा लागेल, आणि रक्कम अशी सांगितली की तिने नवीन फोनच बघायला सुरुवात केली होती. माइक म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा. गरम हवेची गन, दुसऱ्या मेलेल्या बोर्डावरून काढलेला माइक, चहा यायच्या आत काम झालं. मेलेले फोन आम्ही याचसाठी ठेवतो. युरोपात जून २०२५ पासून नियम आलाय: बॅटरीने ८०० वेळा भरल्यावरही ८० टक्के दम ठेवला पाहिजे, सुटे भाग मॉडेल विकणं बंद झाल्यावर सात वर्षं मिळाले पाहिजेत, अपडेट पाच वर्षं. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याचं 'राइट टू रिपेअर' पोर्टल डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालं. त्यावर कंपन्यांची सर्व्हिसची माहिती एकत्र मिळते. सुटा भाग द्यायलाच लावणारी सक्ती मात्र अजून नाही.

लॅपटॉपबद्दल. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेटची एक वर्षाची वाढीव मुदत आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला की ती फुकट मिळते. आधी ती घ्या, मग शांतपणे ठरवा. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) आणि साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणून तुमचा नापास झाला. मशीन म्हातारं झालेलं नाही. त्यात जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी (न फिरणारी, चिपांवरची डिस्क) टाका, लॅपटॉप स्वतःलाच ओळखणार नाही इतका पळेल. रॅम सध्या महाग आहे. डेटा सेंटरवाले चिपा उचलतायत, तिथे पक्याभाऊंचं म्हणणं माझ्या काउंटरपर्यंत पोचलंय. पंख्यातली धूळ काढून नवीन थर्मल पेस्ट लावली की आवाज आणि ताप दोन्ही जातात.

त्यानंतर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी टाकायची फुकट प्रणाली. घाबरू नका, दिसायला जुन्या विंडोजच्याच वळणाचं आहे. ब्राउझर, पत्रं, तक्ते, मुलाचा अभ्यास, मराठी टायपिंग, सगळं होतं. जिथे अडतं तेही ऐका: तुम्ही पतसंस्थेचं काम घरी आणून टॅलीत करत असाल, किंवा डिजिटल सहीचा डोंगल लागत असेल, तर लिनक्सच्या नादी लागू नका, डोकं फिरेल. नवा लॅपटॉप बनवायलाच दोनशे-तीनशे किलो कार्बन जातो. काकांच्या भाषेत सांगायचं तर तेवढ्यात तीस ते पन्नास वर्षांचं फोन चार्जिंग.

गंगापूररोड_सोसायटी

खणाचं मी सांगते. आमच्या सोसायटीत हे काम माझ्या गळ्यात पडलंय.

सगळ्यात आधी तो फुगलेला फोन. त्याला चार्जर लावायचा नाही, दाबून झाकण बसवायचा प्रयत्न करायचा नाही, टोचायचं नाही. मातीच्या कुंडीत किंवा पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घालून त्यात ठेवा, उन्हात नको आणि खणात तर अजिबात नको. घंटागाडीत तो गेला की आत दाबला जातो, आणि लिथियमची बॅटरी दाबली गेली की पेट घेते. गाडी पेटली तर गाडीत, नाहीतर पाथर्डीच्या डेपोत. सुक्या कचऱ्याच्या डोंगरात लागलेली आग विझवणं किती अवघड असतं ते अग्निशामकवाल्यांना विचारा. आमच्याकडे अशी बॅटरी आली की मी सरळ सोल्डरवाल्या भाऊंसारख्या कुणा कारागिराकडून फोनमधून वेगळी करवून घेते.

भंगारवाल्याला दोष द्यायचा नाही, त्याचं पोट आहे. पण त्याच्याकडून पुढे माल कुठे जातो ते बघा. वायरीतलं तांबं काढायला प्लास्टिक उघड्यावर जाळतात, बोर्डावरचं सोनं काढायला ॲसिडच्या बादल्या. दिल्लीचं सीलमपूर, उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद याच कामासाठी ओळखले जातात. संयुक्त राष्ट्रांच्या ई-कचरा अहवालात २०२२ सालचा आकडा आहे: जगभरात ६ कोटी २० लाख टन, आणि नोंद होऊन नीट गोळा झालेला फक्त २२.३ टक्के.

नियम आपल्या बाजूने आहेत. ई-कचरा नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. पूर्वी त्यात २१ प्रकारच्या वस्तू होत्या, आता १०६ आहेत. जुन्या मालाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादक कंपनीवर आहे, म्हणून बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर जुना माल कुठे द्यायचा ते लिहिलेलं असतं. एखाद्या संकलकाला देणार असाल तर तो केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला माल देतो का, हे विचारा आणि पावती घ्या. पावती म्हटलं की निम्मे संकलक गायब होतात, तीच चाळणी समजा. एकट्या घरासाठी गाडी येत नाही. चार मजले मिळून पोतं भरलं की येतात. दसरा-दिवाळीच्या साफसफाईला आम्ही लिफ्टशेजारी एक खोकं ठेवतो. मागच्या खेपेला त्यात एक मिक्सरही आला, चालू स्थितीतला. तो वॉचमनकाकांकडे गेला.

देण्याआधी फोनमधून गुगल किंवा ॲपलचं खातं काढा आणि मग रीसेट करा. नुसता रीसेट केला तर फोन जुन्या खात्याचा पासवर्ड मागत बसू शकतो, आणि जो अजून चालू शकतो तो फोनही कचऱ्यात जातो. इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी बदलताना जुनी दुकानातच द्या. तिला पैसे मिळतात, म्हणून ती साखळी बऱ्यापैकी चालते. तिच्यासाठी २०२२ चे बॅटरी कचरा नियम वेगळे आहेत.

सुनीता_इंदिरानगर

तुमच्या सगळ्यांमुळे काल घरात सभा झाली. एकलहऱ्याच्या काकांचा हिशेब मी वहीवर काढून यांच्यापुढे ठेवला. ५२ किलो ऐकून हे म्हणाले, "एवढंसं तर वजन आहे फोनचं." मग पोराने त्यांना खाणी, चिपांचे कारखाने, काँगोतलं कोबाल्ट असं काय काय ऐकवलं. जगातलं बहुतेक कोबाल्ट तिथून येतं म्हणे. शेवटी कार्बनने नाही, पैशाने पटलं. बॅटरीला दीड हजार धरले तरी नव्या फोनचे उरलेले पैसे बघून हे एकदम पर्यावरणवादी झाले.

सेट-टॉप बॉक्सवर मात्र तोडगा काढावा लागला. तो आणि राउटर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आहेत. बोर्ड बंद केला की नेट जातं, आणि सासूबाईंचं सकाळचं कीर्तन यूट्यूबवर असतं. आता सेट-टॉप बॉक्सला वेगळं बटण करून घेणार आहे. राउटर रात्री बंद ठेवला तर चालेल का? की रोज बंद-चालू करून तो खराब होतो?

भाऊ, लॅपटॉप तुमच्याकडे आणते. टॅली घरी करत नाही, ते ऑफिसातच. फुगलेला फोन वाळूत ठेवलाय, कुंडी गॅलरीत सावलीला. तोही आणू का, की रस्त्यात काही होईल?

एकलहरे_निवृत्त

राउटर बंद केल्याने बिघडत नाही. रात्रीचे आठ तास बंद ठेवला तर वर्षाला वीस युनिट. दारावरचा कॅमेरा त्याच्यावर असेल तर मात्र चालू राहू द्या. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्याचाही भार धरा, ते लोक मोजायचं विसरतात.

एमजीरोडचा_सोल्डरवाला

ताई, फोन वाळूसकट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घालून आणा. झाकण घट्ट लावू नका, गाडीच्या डिकीत ठेवू नका, डिकी तापते. पायाशी ठेवा. दुकानात आल्यावर आधी तो माझ्या हातात द्या, लॅपटॉप नंतर.

लॅपटॉपमधले फोटो आणि मुलाचा तो प्रकल्प आधी पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. डिस्क बदलताना मी सगळं कॉपी करतो, तरी जुनी डिस्क ऐन वेळी दगा देऊ शकते. आणि चार्जर आणा. लोक लॅपटॉप आणतात, चार्जर घरी ठेवतात, मग मी दिवसभर जुळणारी पिन शोधत बसतो. शनिवारी संध्याकाळी येऊ नका, एमजी रोडला गाडी लावायला जागा मिळणार नाही. सकाळी अकराच्या सुमारास या.